झुरिख, १९१६ : भाड्यानं घर पाहिजे



'दादा' म्हटलं की आपल्याकडं दोन माणसं डोळ्यांपुढं येतात. एक थोरला भाऊ आणि दुसरा गल्लीतला गुंड. १९१६ साली युरोपात ह्याच नावाची एक चळवळ उठली. फ्रेंचमध्ये पोरांच्या लाकडी घोड्याला दादा म्हणतात. रुमानियन भाषेत 'दा, दा' म्हणजे 'हो, हो'. हा शब्द पहिल्यांदा कुणाला सापडला यावरून ती मंडळी म्हातारी होईस्तोवर एकमेकांशी भांडली. ते भांडण आपण सोडून देऊ, त्यात काही दम नाही.

मला सांगायचंय ते त्या शब्दाच्या आधीचं. झुरिखमधल्या एका बियरच्या गुत्त्यातली छोटी खोली, तिथं पाच महिने चाललेल्या रात्री, आणि तिथं जमलेली एकोणीस ते एकतीस वयाची माणसं. प्राध्यापक लोक यावर 'निरर्थकवाद' अशी चिठ्ठी चिकटवतात आणि कपाट बंद करतात. आपल्यातलेही काही कार्यकर्ते म्हणतात की प्रयोगबियोग ही भरल्या पोटाची चैन, आपल्याला सरळ भाषण आणि सरळ गाणं पुरे. माझं म्हणणं, त्या खोलीत कोण बसलं होतं हे दोघांनीही नीट पाहिलेलं नाही.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटलं तेव्हा ह्यूगो बाल म्युनिकला नाटकात काम करत होता. सगळ्या जर्मनीला चढली तशी त्यालाही युद्धाची झिंग चढली. स्वतःहून भरतीला गेला. तब्येत बरी नाही म्हणून त्याला परत पाठवलं. मग तो आपला आपण बेल्जियमकडं गेला, आघाडीवर खरं काय चाललंय ते बघायला. बघितलं आणि झिंग उतरली, ती कायमची. वर्तमानपत्रात रोज 'पितृभूमी', 'सन्मान', 'पवित्र बलिदान' हे शब्द छापून येत होते आणि इथं चिखलात माणसं सडत होती. शब्दांवरचा त्याचा विश्वास तिथं उडाला. पुढं जे झालं त्याचं मूळ हे आहे.

त्याच्यासोबत एमी हेनिंग्स होती. खलाशाची पोरगी. लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राबलेली, फिरत्या नाटकमंडळ्यांतून गावोगाव गाणारी, तुरुंगात जाऊन आलेली, आणि कविता छापून आलेली. मे १९१५ मध्ये ही दोघं स्वित्झर्लंडला पळाली, कारण तो देश युद्धात नव्हता. बाल तिथं खोट्या नावाच्या कागदांवर राहिला. त्यावरून पोलिसांनी त्याला काही दिवस आत टाकलं. खायचे वांधे होते. शेवटी एका फिरत्या खेळकंपनीत काम मिळालं. ती गायची, तो पियानो वाजवायचा. आपल्याकडच्या भाषेत तमाशाच्या फडावर रोजंदारी म्हणा. पण तिथंच तो शिकला की दारू पिऊन बसलेल्या पब्लिकला पाच मिनिटांच्या वर एका गोष्टीवर धरता येत नाही. एक गाणं, एक नक्कल, एक नाच, मग पुन्हा गाणं. ही कला कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत.

श्पीगेलगासे नावाची एक अरुंद गल्ली. घर नंबर १. तिथं यान एफ्राइम नावाच्या, पूर्वी खलाशी असलेल्या डच माणसाचा गुत्ता होता. बालनं त्याच्याशी सरळ सौदा केला. खोली दे, आम्ही रोज कार्यक्रम करतो, तुझी बियर आणि सॉसेज जास्त खपतील. पोलिसांची परवानगी काढली, वर्तमानपत्रात चार ओळींची सूचना दिली की तरुण कलावंतांनी यावं, कुठल्याही पंथाचे असा, काहीतरी घेऊन या. खोलीला नाव दिलं 'काबारे व्होल्टेअर'. धर्माच्या दुकानदारीवर आयुष्यभर हसत राहिलेल्या त्या फ्रेंच लेखकाचं नाव.

शनिवार, ५ फेब्रुवारी १९१६. संध्याकाळी सहाच्या सुमाराला भिंतींवर खिळे ठोकण्याचं काम अजून चालू होतं, तेवढ्यात काखेत चित्रांच्या वह्या मारून चार बुटकी माणसं वाकून नमस्कार करत आत आली. त्यांत मार्सेल यांको होता, वय वीस. त्रिस्तान झारा होता, वय एकोणीस. दोघं रुमानियाचे ज्यू. रुमानियात त्या काळी बहुतेक ज्यूंना नागरिकत्वच नव्हतं. जन्म तिथला, भाषा तिथली, पण कागदोपत्री परके. ते मिळालं महायुद्ध संपल्यावर. त्याच रात्री झारानं कोटाच्या वेगवेगळ्या खिशांतून कागद काढून काढून कविता वाचल्या. हेनिंग्स गायली. रशियन पोरांच्या टोळक्यानं बालालाइका वाजवली. अल्सासचा हान्स आर्प पहिल्यापासून होता. आठवड्याभरात बर्लिनहून रिखार्ड ह्युल्सेनबेक आला, वय तेवीस, वैद्यकीचा विद्यार्थी, आणि येताना डोक्यात एक मोठा ढोल घेऊन आला. त्याचं म्हणणं, साहित्य ढोलाखाली गाडलं पाहिजे. पुढचे महिने तो ढोल थांबला नाही.

कार्यक्रम कसा असे? कधी रशियन रात्र, कधी फ्रेंच रात्र. टेबलं पंधरा-वीस. समोर पिऊन आलेले विद्यार्थी, शहरातले निर्वासित, रिकामटेकडे. धूर. मंच म्हणजे वीतभर फळ्या. एखादं रस्त्यावरचं गाणं, मग पियानो, मग कोणी तरी आपलं नवं गद्य वाचणार, पब्लिक शिव्या घालणार, वरून शिव्यांना शिव्यांनी उत्तर, मग पुन्हा हेनिंग्सचं गाणं की सगळे गप्प. सोळा दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, व्हर्दूनची लढाई सुरू झाली. ती वर्ष संपत आलं तरी चालू होती. खोलीतले बहुतेक जण ज्या ज्या देशांतून आले होते त्या देशांची माणसं तिकडं एकमेकांना मारत होती, आणि इकडं एका टेबलाला बसून एकमेकांच्या भाषेतली गाणी म्हणत होती. त्या काळात एवढंही राजद्रोहासारखंच होतं.

जाता जाता एक गोष्ट. ह्याच गल्लीत १४ नंबरच्या घरात कामेरर नावाच्या चांभाराकडं एक रशियन जोडपं त्याच महिन्यात भाड्यानं राहायला आलं होतं. लेनिन आणि क्रुप्स्काया. क्रुप्स्कायानं लिहून ठेवलंय की मागं सॉसेजचा कारखाना होता आणि वासामुळं दिवसा खिडकी उघडता येत नसे. त्याच भाड्यात दुसरीकडं बरी खोली मिळाली असती. पण एक दिवस चुलीपाशी त्या चांभाराची बायको म्हणाली, सैनिकांनी बंदुका आपापल्या सरकारांवरच फिरवायला पाहिजेत. ते ऐकल्यावर लेनिन खोली सोडायचं नाव काढीना. त्याच दिवसांत तो साम्राज्यवादावरचं पुस्तक लिहीत होता. बालनं नंतर डायरीत लिहिलं की आमचा गोंगाट त्याला रोज रात्री ऐकू जात असणार.

आता मार्च महिन्याच्या शेवटच्या दिवसांकडं या. तीन माणसं मंचावर उभी राहिली. ह्युल्सेनबेक जर्मनमध्ये, यांको इंग्रजीत, झारा फ्रेंचमध्ये. तिघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी म्हणायला सुरुवात केली. मधूनच शिट्टी, मधूनच खुळखुळा, मधूनच ढोल. कवितेचं नाव होतं, 'आरमारप्रमुख भाड्यानं घर शोधतोय'. तीन भाषांत मिळून कुणाला धड काही कळत नाही. शेवटी मात्र तिघंही एकत्र येऊन एकाच भाषेत सांगतात की आरमारप्रमुखाला काहीच मिळालं नाही.

पुस्तकात याला 'समकालिक कविता' म्हणतात. मला हे समजायला पुस्तक लागलं नाही. मी सूतगिरणीत रिंगखात्यात असतो. तिथं शेजारच्यानं बोंब मारली तरी ऐकू येत नाही. ओठांकडं बघायचं, हाताची खूण बघायची, त्यातून माणूस काय म्हणतोय ते उचलायचं. पाळी संपल्यावर घरी गेलो तरी तासभर कानात यंत्र चालूच राहतं. बालनं ह्या कवितेबद्दल डायरीत जे नोंदलंय त्याचा मतलब हाच आहे. माणसाचा आवाज म्हणजे त्याचा जीव, आणि भोवतीचा गोंगाट म्हणजे त्याला गिळणारी यांत्रिक दुनिया. गोंगाट जिंकतो, कारण तो दमत नाही. तोफांचा आवाज असेल नाहीतर साच्यांचा. हे भाषण करून सांगता आलं असतं, पण भाषणात माणसाचा आवाज सगळ्यांना ऐकू येतोच की. म्हणून त्यांनी तो प्रत्यक्ष बुडवून दाखवला.

आणि विषय बघा काय निवडला. घर. तेही आरमारप्रमुखाला, म्हणजे ज्याच्या हाताखाली जहाजं आहेत त्याला. त्या खोलीतल्या अर्ध्या माणसांना आपलं नाव, आपला देश, आपला कागद सांगून घर मिळणं कठीण होतं. हसत हसत म्हटलेली कविता आहे ती, पण म्हणणारे बेघर होते.

इथं मला बडोदा आठवतं, आणि तुम्हालाही आठवलं असेल. झुरिखनंतर दीड वर्षानं, १९१७ साली, कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेला एक सव्वीस वर्षांचा माणूस बडोदा स्टेशनावर उतरला. संस्थानात त्याला अधिकाऱ्याची नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. हिंदू खानावळीत घेणार नाहीत म्हणून पारशी धर्मशाळेत गेला, पारशी नाव नोंदवून राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन डझनभर पारशी दारात उभे. खोली रिकामी करायला सांगितली. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

बालही खोट्या नावानं राहिला आणि बाबासाहेबही. पण दोन्ही एकच, असं कुणी म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. बालचं खोटं नाव लष्कराला चुकवायला होतं. युद्ध संपलं की ते फेकून तो परत ह्यूगो बाल होणार होता. बडोद्यात खोटं नाव घ्यावं लागलं ते खऱ्या नावाला घर नाही म्हणून, आणि ते कुठलं युद्ध संपल्यानं संपणार नव्हतं. आज शहरात घर बघायला जा, एजंट आधी आडनाव विचारतो.

मे महिन्यात यांकोनं मुखवटे करून आणले. पुठ्ठा, रंग, दोऱ्या, चिंध्या. एवढंच सामान. बालनं लिहिलंय की मुखवटा चढवला की अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागे, मुखवटाच चाल ठरवत असे. त्यांनी तिथल्या तिथं तीन नाच बसवले. एकात माशा पकडायच्या, एकात भयानक स्वप्न, एकात निराशेचा उत्सव. हे काम मला सगळ्यांत दणकट वाटतं. पैसा लागत नाही. चेहरा झाकला की माणूस मोकळा होतो आणि बघणाऱ्याला घाम फुटतो. पुढं १९१७ साली ह्याच गटात सोफी टॉयबर मुखवटा घालून नाचली. ती झुरिखच्या कलाशाळेत शिकवत होती आणि शाळेला असले धंदे चालत नव्हते, म्हणून मुखवटा तिच्या नोकरीचंही राखण करायचा.

पण मुखवट्यांत एक खोट होती, ती झाकून ठेवायचं कारण नाही. अंगावर काळे झगे घालून, ढोल बडवून ही मंडळी 'निग्रो गाणी' म्हणत. ह्युल्सेनबेक 'उंबा उंबा' असं मनचं काहीतरी ठोकून देई. गुत्त्याचा मालक एफ्राइम जहाजावरून आफ्रिका बघून आलेला. तो म्हणाला, बाबा, हे त्यांचं नाही, आणि त्यानं आपल्याला येत असलेले खरे बोल त्याला दिले. ह्युल्सेनबेकनं ते घेतले आणि शेवटी 'उंबा' जोडायचा सोडला नाही. झारा तरी मानववंशशास्त्राच्या नियतकालिकांतून आफ्रिकेतले आणि ऑस्ट्रेलियातले बोल उतरवून घेत असे. पण त्या लोकांचं स्वतःचं कोणी त्या खोलीत नव्हतं. ते होते कुठं? फ्रान्सनं पश्चिम आफ्रिकेतून पलटणी आणून खंदकांत उभ्या केल्या होत्या. इंग्रजांनी हिंदुस्थानातून. त्याच काळात, २९ एप्रिल १९१६ ला, मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथं सहावी पुणे डिव्हिजन उपाशी मरत तुर्कांना शरण गेली. तेरा हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक हिंदी, त्यांत मराठा पलटणी. महारांची भरती इंग्रजांनी १८९० नंतर बंदच केली होती. माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. युरोपच्या युद्धाला शिव्या घालणाऱ्या खोलीतसुद्धा काळा माणूस ढोलाच्या तालापुरताच होता. ह्याचा राग येतो, आणि आला पाहिजे.

आता शेवटची मोठी रात्र, २३ जून १९१६. बालनं शब्द टाकून दिलेली कविता वाचली. फक्त ध्वनी. कुठल्याही भाषेतला नाही असा आवाज. पायांना चकचकीत निळ्या पुठ्ठ्याचे नळकांडे, वर पुठ्ठ्याची कॉलर, आतून लाल, बाहेरून सोनेरी, हात हलवले की पंखासारखी फडफडणारी, डोक्यावर उंच निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची टोपी. चालता येईना म्हणून अंधारात उचलून मंचावर ठेवला. तीन बाजूंना तीन स्टँड, त्यावर कागद. त्याचा विचार साफ होता. वर्तमानपत्रांनी आणि राज्यकर्त्यांनी भाषा नासवली आहे, तिच्यातले शब्द वापरायचे म्हणजे त्यांचं उष्टं खायचं. ते नको. आवाजापर्यंत मागं जाऊ.

पण मधेच त्याच्या ध्यानात आलं की आता पुढं कसं न्यावं कळत नाही. आवाज जड व्हायला लागला, आणि त्याच्या गळ्यातून आपोआप चर्चमधल्या पाद्र्याची लय निघाली. लहानपणी ऐकलेली. तो ती थांबवू शकला नाही. घामानं निथळत होता तेव्हा दिवे मालवून त्याला खाली उतरवलं. त्यानं स्वतःच लिहिलं की जादूगार बिशपासारखं उतरवलं. पुढं काही वर्षांत, १९२० च्या सुमाराला, तो खरंच कॅथलिक धर्माकडं परत गेला.

प्राध्यापकांना ही रात्र फार आवडते. माझं तिच्याशी पटत नाही, आणि का ते सांगतो. अर्थ कळत नाही असा आवाज, खास कपडे, उंच टोपी, समोर गप्प बसलेली माणसं, हे आमच्या बापजाद्यांना नवं नव्हतं. मंत्र म्हणजे दुसरं काय होतं? म्हणणाऱ्यालाही बऱ्याचदा अर्थ माहीत नसे. नुसता आवाज पवित्र. आणि तो आवाज चुकून शूद्राच्या कानात गेला तर त्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतावी, असं गौतम धर्मसूत्रात लिहिलेलं आहे. अर्थ काढून घेतला की सत्ता जात नाही. कधी कधी उलट ती उघडी राहते, एकटी. बालच्या गळ्यात त्या रात्री तीच येऊन बसली.

त्याच्या सहा आठवडे आधी, ९ मे १९१६ ला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या वर्गात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातींच्या उत्पत्तीवर एक निबंध वाचला. तीही एक संध्याकाळच्या वाचनाएवढीच गोष्ट, श्रोते वर्गात मावतील तेवढे. त्यात त्यांनी 'जात' हा पवित्र समजला जाणारा शब्द घेतला आणि यंत्र उघडावं तसा उघडला. जातीतल्या जातीत लग्न हा त्याचा मुख्य दट्ट्या. नवरा मेल्यावर उरलेली बाई आणि बायको मेल्यावर उरलेला पुरुष यांचं काय करायचं, ह्या हिशेबातून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह कसे निघाले ते दाखवलं. आणि वरच्यांची नक्कल करत करत बाकीच्यांनी आपापली दारं कशी लावून घेतली, तेही. नासलेल्या शब्दाचं काय करायचं हाच प्रश्न दोघांपुढं होता. एकानं शब्द फेकला, दुसऱ्यानं तो फोडला. सत्यशोधकांच्या जलशानंही हेच केलं होतं. तमाशाचा सांगाडा ठेवला, गणातला गणपती आणि गवळणीतला कृष्ण उठवला आणि त्या जागी सवाल बसवले. जलशाला कुणी प्रयोग म्हटलं नाही, कारण तो झुरिखला झाला नाही.

जुलैच्या सुरुवातीला खोली बंद झाली. त्याआधी जूनमध्ये 'काबारे व्होल्टेअर' नावाचं बत्तीस पानी मासिक निघालं, त्यातच 'दादा' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. १४ जुलैला झुरिखच्या एका मोठ्या सभागृहात पहिली जाहीर दादा संध्याकाळ झाली. बाल थोड्याच दिवसांत गट सोडून दक्षिणेकडच्या डोंगरात निघून गेला. झारानं झेंडा पॅरिसला नेला, तिथलं प्रकरण मला फारसं रुचत नाही, नुसती टोळीयुद्धं आहेत.

ह्युल्सेनबेक बर्लिनला परतला तिथं मात्र गोष्टीला दात फुटले. युद्ध हरलेलं शहर, उपाशी कामगार, गोळ्या घालून दडपलेली क्रांती. १९२० च्या उन्हाळ्यात तिथं दादा मेळा भरला. छताला लष्करी अधिकाऱ्याच्या गणवेशातला एक पुतळा टांगला होता, तोंड डुकराचं. जॉन हार्टफील्ड आणि रुडॉल्फ श्लिख्टर यांचं काम. जॉर्ज ग्रोसची लष्करावरची चित्रं विकायला होती. सैन्याचा अपमान केला म्हणून १९२१ साली खटला भरला. ग्रोसला ३०० मार्क दंड, प्रकाशक वीलांड हर्झफेल्डला ६००. हार्टफील्ड पुढं कात्री आणि डिंक घेऊन हिटलरच्या मागं लागला. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला 'भ्रष्ट कला' म्हणून प्रदर्शन भरवलं, तेव्हा दादाची टिंगल करायला एक भिंतच राखून ठेवली होती. झुरिखच्या पुठ्ठ्याच्या मुखवट्यांचा वंश शोधायचा तर तो इथं सापडतो.

श्पीगेलगासेतली ती इमारत २००२ साली रिकामी पडली होती तेव्हा काही कलावंत पोरं आत घुसून काही आठवडे तिथं राहिली, बिनभाड्याची. २००४ पासून तिथं पुन्हा त्याच नावानं कार्यक्रम होतात.

आणि एमी हेनिंग्स. १९१६ च्या मे महिन्यात झुरिखच्या एका वर्तमानपत्रानं ह्या काबारेबद्दल लिहिलं तेव्हा तारा म्हणून नाव घेतलं ते तिचंच. बालचं नाही, झाराचं तर नाहीच. लोक येत होते ते तिचं गाणं ऐकायला. मग चळवळीचे इतिहास लिहिले ते चळवळीतल्या पुरुषांनी, जाहीरनामे होते त्यांनी. तिच्या नावापुढं 'बालची सोबतीण' एवढंच उरलं. बाल १९२७ मध्ये गेला, ती त्याच्यानंतर एकवीस वर्षं जगली. कविता लिहिल्या, आठवणी लिहिल्या, पैशाची ओढाताण सुटली नाही. लुगानोजवळ सांत आब्बोंदिओच्या दफनभूमीत ती बालच्या शेजारी आहे.